पांढऱ्या कव्हरांच्या खुर्च्या

२ ऑगस्ट

आत्ये,

फोनवर तू "हो हो, बघू" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हा कागद. कागद फाडायच्या आधी तू वाचतेस, हे मला माहीत आहे.

सोबत आमच्या कॉलेजचं निमंत्रण आहे. दरवर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असतो, त्यात निधी जमतो. तू पण आमची माजी विद्यार्थिनी आहेस. हसू नकोस. एकदा फी भरली की माणूस माजी होतो, पास झाला की नाही ते कुणी विचारत नाही.

या निधीतून बऱ्याच मुलांच्या फिया भरल्या जातात. आमच्या भूगर्भशास्त्र विभागातली शिकवणाऱ्याची एक जागासुद्धा त्याच्यावरच चालते. यंदा निधी आटलाय. जमला नाही तर ती जागा मार्चमध्ये बंद. मग राहतात फक्त आमचे विभागप्रमुख, आणि त्यांचं सगळं लक्ष निवृत्तीकडे. म्हणजे विभागही गेलाच.

आयुष्यभर तू लोकांना बसायला खुर्च्या दिल्यास. एकदा स्वतः बस की. पहिल्या रांगेत. आणि जमेल तेवढं दे.

तुझी,
मुंगी


९ ऑगस्ट

मुंगे,

फाडलं नाही. निमंत्रणाचा पुठ्ठा चांगला जाड आहे. गोडाऊनमधलं टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली बरोब्बर बसला.

माजी विद्यार्थिनी म्हणे! एक वर्ष मी तिथे बाकावर काढलं आणि फी थकली म्हणून पुढचे काही महिने गेटवर. मग कंटाळा आला, गेले निघून. कुणी थांबवलं नाही, कुणी विचारलं नाही. आता गाडी-गोडाऊन झालं तेव्हा आठवण झाली होय?

आता गंमत ऐक. निमंत्रणाबरोबर तुमच्या त्या निधीवाल्याचं पत्र होतं. "आदरणीय महोदया, आमच्या गौरवशाली परंपरेचा आपण अविभाज्य भाग आहात." बरं. दुसऱ्या दिवशी एक टायवाला गोडाऊनमध्ये आला. म्हणतो, "ए बाई, मेळाव्याला खुर्च्या पाहिजेत, गेल्या वेळसारख्या मळक्या देऊ नकोस." मी म्हटलं कुठला मेळावा? तर हाच! पत्राखाली सही याचीच. महोदया आणि ए बाई एकच, हे त्या टायला माहीतच नाही. मी पण सांगितलं नाही. म्हटलं, बघू किती उडतोय.

त्याची ऑर्डर ऐक. देणगीदारांना सोफे. त्यांच्या मागे पांढऱ्या कव्हरांच्या खुर्च्या. बाकीच्यांना प्लास्टिकच्या. मी विचारलं, आणि ही पोरं, ज्यांच्यासाठी हा तमाशा? "लाभार्थी ना? ते स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभे राहतील." लाभार्थी! कुठून शोधून काढतात असले शब्द. रोग झाल्यासारखं वाटतं.

मी आजवर इतक्या सत्कारांना खुर्च्या लावल्या. सत्कार म्हणजे काय असतं ते मागून बघावं. पुढे हार, मागे कुरकुर. संपल्यावर खुर्च्यांखाली काय सापडतं माहितीये? भाषणाच्या प्रती. घडीसुद्धा मोडलेली नसते.

पैसे देणार नाही. आणि तुमची ती वर्गणीवरची शिक्षिका कोण आहे, तिला म्हणावं दुसरीकडे बघ. हात पसरून दगड शिकवते, तिला लाज कशी नाही? तू तिथे पक्की आहेस ना? मग दुसरीच्या नावाने गळे कशाला काढतेस?

आत्या


१७ ऑगस्ट

आत्ये,

पुठ्ठा कामी आला, आनंद आहे.

त्या बाईबद्दल तू लिहिलंस ते मी तिला सांगितलं नाही. ती बरी शिकवते. मान आहे की नाही ते तिलाही नक्की माहीत नसावं, पण सकाळी वर्गात शिरली की विसरते.

टायला तू काय म्हणायचं ते म्हण, मी पण म्हणते. पण निधीला नावं ठेवू नकोस. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, आम्ही सगळे तिला लांबडी म्हणतो. दारातून आत येताना वाकते. आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते, वडील नाहीत. तिची फी निधीतून. पोरांना खाण बघायला नेतो ती बसही निधीतून. गेल्या वेळी खाणीत ही पोरगी भावाचे फाटके बूट घालून आली. तळ निघालेला, सुतळीने बांधलेला. आणि खडकातला तडा सगळ्यांच्या आधी तिला दिसला. मी शिकवलेलं असं कुणाच्या डोळ्यांत उतरलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मग सांग, ज्या कुणी माणसाने ही फी भरली, त्याचे पैसे वाया गेले?

यंदा एक टाइल्सवाले येणार आहेत. जुने विद्यार्थी, आता मोठा कारखाना आहे. दगड-मातीचाच धंदा, म्हणून आमच्या विभागाकडे त्यांचा ओढा आहे. त्यांनी मनावर घेतलं तर ती जागा वाचते आणि लांबडीसारख्यांच्या फियाही सुटतात. फक्त पैसा कुठे जातो ते त्यांना डोळ्यांनी बघायचंय. साहजिक आहे ना? तू पण खुर्ची विकत घेताना हलवून बघतेस.

ये. भांडायला तरी ये.

मुंगी


२३ ऑगस्ट

मुंगे,

मी खुर्ची हलवून बघते, खरंय. पण खुर्चीला तोंडाने "मी किती गरीब खुर्ची" असं म्हणायला लावत नाही.

येईन. गाडीबरोबर येईन. माइक आणि भोंगेही आमचेच घेतलेत, ते सांभाळणारा पोरगा रजेवर गेलाय, मलाच बघावं लागेल. सोफ्यावर बसायला माझी कंबर धजत नाही. तू माझ्याकडे बघून हात हलवू नकोस, मी कामावर असेन.

आत्या


३ सप्टेंबर

आत्या,

तुझी भाची म्हणून नाही, त्या मेळाव्यातली एक म्हणून विचारते. वायर कुणी काढली?

सगळे म्हणतात, माइक बिघडला. टाय अजून भाड्यातून कापून घ्यायच्या गोष्टी करतोय. पण मी वर उभी होते. मी तुला अॅम्प्लिफायरपाशी वाकताना बघितलं. मग तू सरळ उठून, साडी झटकून बाहेर गेलीस. मागे वळून बघितलंही नाहीस.

का? कुणी सांगितलं होतं तुला?

मुंगी


८ सप्टेंबर

मुंगे,

मीच काढली. टायला सांग खुशाल, भाडं नको मला.

मला आधी कळलंच नाही ती तू आहेस. पायऱ्यांपाशी पोरांची रांग, सगळ्यांच्या छातीवर पिवळी फीत. देणगीदारांना लाल, यांना पिवळी. गोण्यांवर रंग मारतात तशी. आणि त्या रांगेत सगळ्यात पुढे तू. पिवळी फीत लावून! मला वाटलं पोरांना सांभाळायला उभी आहेस.

मग तो टाय माइकवर किंचाळला, "आणि या आहेत आपल्या दानावर शिकवणाऱ्या बाई! बाई, पुढे या, जरा सगळ्यांना दिसू द्या!" आणि तू पुढे आलीस. आणि वळलीस. जनावरांच्या बाजारात गाय वळवून दाखवतात ना, तशी वळलीस. तो टाइल्सवाला सोफ्यावर रेलून मान हलवत होता. मग टाय म्हणाला, "आता बाई स्वतः सांगतील, आपण नसतो तर त्या आज कुठे असत्या." माझा हात आपोआप वायरीकडे गेला.

हात पसरणारी ती बाई तूच, हे मला भोंग्यातून कळावं? मी तुझ्या तोंडावर तिला शिव्या घातल्या आणि तू वर लिहितेस, ती बरी शिकवते! मला सांगायला तोंड शिवलं होतं? माझ्याकडे मागितलं असतंस तर दिले असते. तुला. त्या टायच्या हातात नाही.

आणि एक. तुझ्या मागे ती उंच पोरगी उभी होती. तीच ना लांबडी? ती पण सुटली. दोघींची लाज राखली मी. आभार नको मानूस, पण जाब तरी विचारू नकोस.

आत्या


१२ सप्टेंबर

आत्या,

लांबडी सुटली नाही.

तू बाहेर निघून गेलीस म्हणून तुला माहीत नाही. माइक गेल्यावर मी मान लववून खाली उतरले. माझं झालं. पुढचा नंबर तिचा. टाय म्हणाला, माइक नसला तर नसू दे, आपली मुलगी खणखणीत आहे. ती बोलायला लागली. सोफ्यावरून टाइल्सवाले म्हणाले, "मोठ्याने, बाळ, ऐकू येत नाही." ती पुन्हा बोलली. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून मोठ्याने!" मग ती ओरडली. आई इस्त्री करते, वडील वारले, फी भरायला पैसे नव्हते, हे सगळं तिने भाजीवालीसारखं ओरडून सांगितलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तिच्याच वर्गातली पोरं होती. कुणीतरी हसलं. माइक असता तर पुटपुटून उरकून गेली असती. आम्ही दोघींनी तसंच ठरवलं होतं. मी तिला शिकवलं होतं, नजर घड्याळावर ठेव आणि पटकन म्हणून टाक.

तेव्हापासून ती वर्गात येत नाही.

आणि मी? मी वळले, हो. मला माहीत होतं मला वळायला सांगणार आहेत. पटत नव्हतं, पण वर्षभर दगड शिकवायला मिळणार असतील तर थोडा वेळ गाय व्हायला माझी हरकत नव्हती. ते माझं मी ठरवलं होतं. तू कोण मध्ये पडणारी?

तुला नाही सांगितलं, कारण तू दिले असतेस. मग मी आत्याच्या पैशावर शिकवणारी झाले असते, आणि तू दर वर्षी ऐकवलं असतंस. निधी कुणा एकाचा नसतो. ज्यांना मी ओळखत नाही त्यांनी दिलेलं घेताना मान खाली जात नाही, आत्या. खाली घालायला लावतो तो टाय. पैसे नाही.

लोकांना तुच्छ समजणं तुला परवडतं. तुझ्या खुर्च्या तुझ्या मालकीच्या आहेत. तुला वाटलं तेव्हा तू गाडी भरून निघून जातेस. आम्हाला तिथेच उभं राहायचं असतं.

टाइल्सवाल्यांनी पैसे दिले. मैदानाच्या कमानीला. त्यावर त्यांचं नाव येणार आहे, त्यांच्याच टाइल्समध्ये. माझी जागा मार्चमध्ये जाते.

आता पत्र नको.

मुंगी


२० जानेवारी
(निधी कचेरीमार्फत)

आदरणीय दाते महोदय / महोदया,

सविनय नमस्कार. आपण आपले नाव गुप्त ठेवण्याची इच्छा व्यक्त केली असल्याने या पत्राद्वारे आभार मानत आहे. आपल्या उदार देणगीमुळे भूगर्भशास्त्र विभागातील माझी जागा पुढील काही वर्षांसाठी सुरक्षित झाली आहे. तसेच विभागातील गरजू विद्यार्थ्यांचे शुल्कही आपल्या औदार्यातून भरले जाणार आहे. यापुढे कोणाही विद्यार्थ्यास किंवा शिक्षकास मेळाव्यात मंचावर बोलावू नये, बोलावल्यास देणगी थांबेल, ही आपली अट महाविद्यालयाने मान्य केल्याचे कळले.

आपले हे अनमोल योगदान आमच्या जीवनात दीपस्तंभासारखे उजळत राहील. आपल्या ऋणात राहणे हेच आमचे भाग्य.

आपली कृपाभिलाषी,
साहाय्यक प्राध्यापिका, भूगर्भशास्त्र विभाग


४ फेब्रुवारी
(निधी कचेरीमार्फत, टाइप केलेलं)

बाई,

पत्र मिळालं. अर्ध्याच्या वर समजलं नाही, जे समजलं ते वाचवलं नाही. दीपस्तंभ काय, भाग्य काय. हे तुम्ही लिहिलंत की कचेरीने नमुना दिला? नमुना असेल तर जाळून टाका. तुम्हीच लिहिलं असेल तर मग पैसे परत मागायचा विचार करावा लागेल.

कॉलेजवाले वर्षातून एकदा पत्र लिहायला लावतात म्हणे. लिहा. पण आभार नकोत. वर्गात काय झालं ते लिहा. काय फसलं ते आधी लिहा. सगळं छान चाललंय असं लिहिणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

तुमच्या कचेरीतला टायवाला देणगी आणून दिली तेव्हा चहा घ्या म्हणून मागे लागला होता. माझ्या माणसाला सोफ्यावर बसवलं. माणूस तोच, गाडीवरचा. पैसे नेले की सोफा, खुर्च्या नेल्या की मागचं दार. अटी सांगितल्यावर मान डोलवत होता. वाकड्या अटी असत्या तरी डोलवली असती.

त्या उंच पोरीला बूट घेतलेत का? खाणीत सुतळी बांधून जाऊ देऊ नका. पडेल.

एक दाता


१५ फेब्रुवारी
(निधी कचेरीमार्फत)

दाते,

नमुना कचेरीचाच होता. जाळला.

काय फसलं ते आधी सांगते. मेळाव्यानंतर लांबडी वर्गात येईना. मी घरी गेले तर तिच्या आईने दार उघडलं नाही, फटीतून म्हणाली, ती कामाला लागली. मी कित्येक महिने रागावून बसले. तिच्यावर नाही, एका नातेवाइकावर. मग तुमचे पैसे आले. मी पुन्हा गेले. म्हटलं, आता कुणी वर बोलावणार नाही, लिहून घेतलंय. लांबडी इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणी लिहून घेतलं?" मी म्हटलं, माहीत नाही, कुणीतरी खडूस आहे. ती हसली. हसताना शर्टावर इस्त्री तशीच राहिली आणि शर्ट जळला. तो शर्ट मी भरून दिला, तुमच्या पैशातून नाही.

ती परत येतेय. बूट घेतले. ते फाटके बूट आहेत हे मी आजवर एकाच माणसाला लिहिलं होतं, म्हणून तुमची चौकशी वाचून जरा थांबले. मग म्हटलं, असेल, दात्यांना बरंच काही दिसत असेल.

अजून काय फसतंय विचारलंत. वर्गातल्या खुर्च्या. एक पाय आखूड, एक लांब. दगडाचे नमुने हातात घेऊन पोरं डुगडुगतात आणि मागची रांग उभीच राहते. कचेरीला लिहिलं, ते म्हणाले कमान झाल्यावर बघू.

त्या नातेवाइकाला मी "आता पत्र नको" असं लिहिलं होतं. तिने ते अगदी तंतोतंत पाळलं. हे पण एक फसलंच म्हणायचं. तुम्हाला सांगून काय उपयोग, पण काय फसलं ते लिहा असं तुम्हीच म्हणालात.

साहाय्यक प्राध्यापिका


२४ फेब्रुवारी

मुंगे,

पत्र नको म्हणालीस म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहितेय ते धंद्याचं आहे.

तुमच्या वर्गातल्या खुर्च्या डुगडुगतात असं कुठूनसं कानावर आलं. सोमवारी गाडी येईल. नव्या आहेत, लाकडी. भाड्याच्या नाहीत, ठेवून घ्या. कव्हरं नाहीत. कव्हर घातलं की माणूस मळ बघत बसतो. पाय मी स्वतः हलवून बघितलेत.

टायचा फोन आला होता. "आदरणीय महोदया" म्हणाला. प्रत्येक खुर्चीमागे नावाची पट्टी लावायची का विचारत होता, पितळी. मी म्हटलं लाव. त्यावर लिही, बसा. फोन ठेवला, अजून विचार करतोय बहुतेक.

पोरीला सांग, इस्त्री करताना हसू नये. आणि खडूस कुणाला म्हणतेस?

मोजून पाठवल्यात तरी एक जास्तीची असेल. ती मागे दाराजवळ ठेव. गाडी रिकामी होईपर्यंत मला कुठेतरी टेकावं लागेल, उन्हात उभी राहत नाही मी आता. बसलेय म्हणून माझ्याकडे बघू नकोस, ओळख करून देऊ नकोस, आणि आवाज चढवू नकोस. तुझं चाललंय ते चालू ठेव. एवढ्याशा खोलीत माइक लागत नाही.

आत्या